बाटलीवर कुठला इतिहास?

केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचे गाव. उत्तरेला पाबळ, तिथे मस्तानीची कबर. दक्षिणेला वढू बुद्रुक, तिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. तिन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातली. पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ सुरू झाली, तेव्हापासून छोट्या प्रमाणात बिअर गाळणाऱ्यांची संख्या वाढत गेली आहे, आणि ‘आपल्या मातीचा इतिहास बाटलीवर आणू’ ही इच्छा त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात येऊ शकते. या भागासाठी असे वेष्टण करायचे ठरले, तर चित्रकाराला आधी हीच तीन नावे सुचतील. ती तिन्ही बाजूला ठेवावी लागतात. त्याची कारणे कोणती आणि मग पाहायचे कुठे, हे तपासण्यासारखे आहे.

पहिले कारण कायद्याचे. बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा केंद्राचा १९५०चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांच्या मराठी पाट्यांविषयी निर्णय घेतला, त्यातच मद्यविक्रीच्या आस्थापनांनी महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे फलकावर लावू नयेत, असेही ठरले. हा नियम दुकानाच्या फलकापुरता आहे, बाटलीपुरता नाही. पण दुकानावर जे चालत नाही ते त्याच दुकानाच्या फडताळात चालेल, अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरेल.

दुसरे कारण कायद्याहून जुने आहे. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ अनेक दशके महाराष्ट्रभर खपत होती. बंडलावरचे नाव पायदळी जाते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. २०२०मध्ये विरोध तीव्र झाला आणि अखेर ती ‘साबळे बिडी’ झाली. मला हा आक्षेप कळतो. वेष्टण म्हणजे भिंतीवरची तसबीर नव्हे. बिअरची बाटली बर्फाच्या पाण्यात बुडते, तिचा कागद सुटतो, नखाने खरवडला जातो आणि उरलेली बाटली भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो त्याला या प्रवासाला पाठवू नये, ही भावना समजायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. २०१९मध्ये इस्रायलमधल्या एका बिअर कंपनीने बाटलीवर गांधीजी छापले. आपल्या राज्यसभेत त्यावर आवाज उठला आणि कंपनीने माफी मागितली. हेतू गौरवाचा असला तरी वस्तू चुकीची होती.

इथे कुणी म्हणेल, मग इतिहास सोडा आणि नुसते गोंडस अक्षर काढा. तसे करणाऱ्यांनी जगात नाव कमावले आहे. इंग्लंडच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हे १८७६ साली नोंदले गेलेले ब्रिटनचे पहिले व्यापारचिन्ह. एडवार माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२च्या आपल्या प्रसिद्ध चित्रात मद्यालयाच्या फळीवर तोच त्रिकोण रंगवला. पण आपल्याकडच्या उत्पादकाची अडचण वेगळी आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार मद्याची जाहिरातच करता येत नाही. (दारूचा सारा धंदा दारूबंदीच्या कायद्याखाली चालावा, ही गंमत महाराष्ट्राला आता सवयीची झाली आहे.) त्यामुळे बाटलीवरचा तळहाताएवढा कागद हीच गिऱ्हाइकाशी बोलण्याची मुख्य जागा उरते. त्यातही वैधानिक इशाऱ्यासाठी जागा सोडायची. एवढ्याशा कागदावर गावाची ओळख सांगायची, तर राजे आणि किल्ले यांच्या पलीकडचा इतिहास शोधावा लागतो.

तो याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, घोड नदीच्या काठी, इनामगावात सापडला आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची ठळक नावे. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची ताम्रपाषाणयुगीन वस्ती तिथे उलगडली. नदीचे पाणी शेताकडे वळवणारा पाट होता. पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. त्या घरात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष सापडला. प्रौढांना पुरताना घोट्याखालून पाय तोडण्याची तिथे रीत होती, पण याचे पाय शाबूत होते. त्याला गावचा प्रमुख मानतात. पुढे हवामान कोरडे झाले, शेती आटली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या.

आणि या लोकांचे मुख्य पीक होते सातू, म्हणजेच जव. बिअरचा मूळ कच्चा माल! आज शिरूरच्या शिवारात बाजरी, कांदा, ऊस दिसतो आणि बिअरचे सातू मुख्यतः राजस्थान, हरियाणातून येतात. पण तीन हजार वर्षांपूर्वी ते घोडकाठी डोलत होते. वेष्टणावर सांगण्यासारखी गोष्ट ती हीच.

मात्र इथेच मोह आवरावा लागतो. सातू सापडले म्हणजे बिअर झाली असे नव्हे. त्याची भाकरी होते, पेज होते, पीठ होते. ‘साडेतीन हजार वर्षांची पाककृती’ असे छापणे ही शुद्ध थाप ठरेल. अमेरिकेत एका बिअरला मिडास राजाचे नाव दिले गेले, तेव्हा तुर्कस्तानातल्या गॉर्डियनच्या थडग्यातील भांड्यांना चिकटलेल्या पेयाचे रासायनिक पृथक्करण आधी झाले होते. तसा पुरावा हाती असेल तरच तसा दावा करावा. नसेल तर ‘हे सातवाचे जुने शिवार’ एवढे वाक्य पुरते, आणि ते खरे आहे.

चित्रांची वाण मुळीच नाही. जोर्वे पद्धतीची भांडी लाल, त्यांवर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, चौकटी, शिडीसारखी नक्षी. दोनच रंग, म्हणजे छपाईही स्वस्त, आणि बिअरच्या तपकिरी काचेवर ती लाली उठून दिसेल. नळीच्या तोटीचा जोर्वे घट स्वतःच इतका देखणा आहे की त्याच्या नुसत्या बाह्यरेषेवर काम भागावे. इनामगावच्या एका भांड्यावर बैलगाडीचे चित्रही आहे. ज्या मुलखात शर्यतीच्या बैलांवरून आजही पैजा लागतात, तिथल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. रांजणातला तो पुरुष मात्र वेष्टणावर घेऊ नये. तोही कुणाचा तरी पूर्वज आहे, आणि वढूला लावलेला न्याय त्यालाही लागू आहे.

चित्रकाराने ही नक्षी इंटरनेटवरून उचलू नये. तिथे सिंधू खोऱ्यातली भांडीही ‘प्राचीन महाराष्ट्र’ म्हणून फिरतात. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावचे अवशेष आहेत. तिथे वही घेऊन बसावे आणि रेघ कुठे जाड होते, कुठे कुंचला अडखळतो, ते हाताने उतरवून घ्यावे.