अंकीय प्रतिमेंतील गुप्त लेख व मूळाचें रक्षण

जुन्या कागदांच्या अंकीय प्रतिमा करून ठेवण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. कागद कोणत्या दफ्तरांतील, कोणत्या रुमालांतील, ही नोंद त्या प्रतिमेंतच डोळ्यांस न दिसेल अशी गुंफितां येते. परंतु तसें करितांना प्रतिमाच बिघडत असेल, तर अस्सल साधनांचा आग्रह धरणारांस ती सोय काय कामाची, अशी शंका संग्राहक घेतात. व ती रास्त आहे.

हिस्टिअसनें गुलामाचें डोकें भादरून त्यावर निरोप गोंदविला, व केंस वाढल्यावर त्यास मिलेटसला धाडिलें, अशी हकीकत हिरोडोटस देतो. निरोप पोंचला, पण गोंदण जन्माचें राहिलें. साध्या अंकीय गुप्तलेखनाचेंहि तसेंच होतें. करड्या प्रतिमेचा प्रत्येक बिंदु म्हणजे ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांमधील एक संख्या. तिचा द्विमान पद्धतींतील शेवटला अंक काढून तेथें निरोपाचा अंक बसवितात. काढलेला अंक कोठेंच नोंदलेला नसल्यामुळें मूळ कायमचें जातें.

या अडचणीवर जुन तिआन यांनीं २००३ सालीं शेजारच्या दोन बिंदूंतील अंतर दुप्पट करून तोड काढिली. आम्हांस मात्र नी, शी, अन्सारी व सू या चौघांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेली रीत आमच्या कामास अधिक सोयीची वाटते. समजा, एका मोडी पत्राच्या प्रतिमेंत सर्वांत अधिक बिंदु २०० या संख्येचे आहेत, व २३० संख्येचा एकहि नाहीं. प्रथम २०१ ते २२९ पर्यंतच्या सर्व बिंदूंत एकेक मिळवावा. म्हणजे २०१ चें घर रिकामें होतें. मग २०० चे बिंदु ओळीनें घ्यावे: निरोपांत १ असेल तेथें २०१ करावा, ० असेल तेथें तसाच ठेवावा. वाचणारानें २०० आढळल्यास ०, २०१ आढळल्यास १ असें टिपून २०१ चे पुन्हां २०० करावे, व २०२ ते २३० मधून एकेक वजा करावा. मूळ प्रतिमा बिंदूबिंदूनें जशीच्या तशी परत येते.

कागदाची कोरी जमीन पुष्कळ असल्यानें पोथीच्या प्रतिमेंत एकाच छटेचे बिंदु विपुल मिळतात. ते ४०,००० असले तर ५,००० बाइट मावतात. यूटीएफ-८ मांडणींत देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे सुमारें सोळाशें चिन्हें झालीं. एवढ्यांत नोंद तर येतेच, शिवाय मूळ प्रतिमेची शा-२५६ मुद्राहि येते. परत मिळविलेल्या प्रतिमेची मुद्रा ताडून पाहिली, कीं मध्यें कोणी अक्षर खोडलें असल्यास उघड होतें. लबाडानें नवी मुद्रा घालूं नये म्हणून तीवर संस्थेची अंकीय सही मात्र अवश्य हवी.

रिकामें घर नसेल तर सर्वांत विरळ संख्या घेऊन तिच्या बिंदूंचीं स्थळें निरोपासोबत लिहावीं लागतात. अशी प्रतिमा जेपेग स्वरूपांत पुन्हां दाबली, तर निरोप व मूळ दोन्हीहि नष्ट होतात. यास्तव ती पीएनजी किंवा न दाबलेल्या टिफ स्वरूपांतच ठेवावी, व २०० आणि २३० या दोन संख्या यादींत त्या कागदासमोर लिहून ठेवाव्या.