नळीतला गर्भ : इंजेक्शन घेतलं म्हणजे काम संपलं का?

दिवस गेले की गर्भ पिशवीत रुजतो. पण कधी कधी तो वाटेतच, गर्भनळीत रुजतो. नळी अगदी बारीक. तिथे बाळ वाढू शकत नाही, आणि तिथला गर्भ काढून पिशवीत ठेवताही येत नाही. तो वाढत गेला तर नळी फुटते, पोटात रक्त साचतं आणि बाईच्या जिवावर बेततं. यात तिचा काही दोष नसतो.

लवकर लक्षात आलं, नळी फुटलेली नसली आणि तब्येत ठीक असली तर काही जणींना ऑपरेशनाऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात. हे औषध कॅन्सरलाही वापरतात, म्हणून घाबरू नका. इथे डोस बराच कमी असतो. नळीतल्या गर्भासाठी ते १९८२ पासून वापरात आहे.

ते काम कसं करतं? गर्भाच्या आणि वारेच्या पेशी भराभर वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. औषध नेमकं तेच अडवतं. पाट अडवला की रोप जागीच सुकतं, तशी ही वाढ थांबते. मग तो भाग हळूहळू आकसतो आणि शरीरात जिरतो. याला काही आठवडे लागतात. तोवर सोनोग्राफीत गाठ दिसू शकते.

आशाताई देतात त्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही असतं. म्हणून इंजेक्शनानंतर ती गोळी बंद ठेवायची आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा सुरू करायची. दुखण्याची गोळीही मनाने घेऊ नका.

चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसू शकतो. चौथ्यापेक्षा सातव्या दिवशी तो निदान १५ टक्क्यांनी उतरायला हवा. नाही उतरला तर दुसरं इंजेक्शन किंवा ऑपरेशन लागू शकतं. उतरला तरी आकडा संपेपर्यंत दर आठवड्याला तपासणी असते. बरं वाटतंय, मेढ्याहून साताऱ्याला परत कशाला जायचं, असं म्हणू नका. आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते.

पहिल्या आठवड्यात थोडं दुखतं. पण जोराची कळ आली, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला दुखू लागलं किंवा अंगावरून फार जाऊ लागलं, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

त्यानंतर निदान तीन महिने दिवस जाऊ देऊ नयेत. पुढे पुष्कळ जणींना पिशवीतच गर्भ राहतो. मात्र पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करून घ्या.

गटातल्या कुणावर ही वेळ आली तर तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत एकीने जावं. एसटीच्या भाड्यासाठी तिची तपासणी चुकू देऊ नका.