तेजीत घेतलेले कर्ज मंदीत का बुडवते?

कापसाला भाव आला की खान्देशात सगळ्यांचाच हात सैल होतो. लग्ने ठरतात, जिनिंगवाला नवी मशीन घेतो, धुळ्यातला लूमवाला आणखी चार साचे बसवायचे म्हणतो. बँकही हसत कर्ज देते. मंदीची पेरणी नेमकी याच दिवसांत होते.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ६,०२५ रुपये होता. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा मिळेल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव उलट उतरला आणि २०२३ मध्ये आठ हजारांच्या खाली आला. तिकडे जिनिंगला पुरेसा माल मिळेना. मशीन थांबली तर मजुराची रोजी थांबते, पण बँकेचा हप्ता थांबत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की यांनी कर्जदारांचे तीन प्रकार सांगितले. पहिला कमाईतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडतो. दुसऱ्याची कमाई फक्त व्याजापुरती असते, मुद्दलासाठी तो कर्ज फिरवत राहतो. तिसरा व्याज भरायलाच नवे कर्ज काढतो. तेजी लांबली की धीर वाढतो आणि पहिल्या प्रकारातले लोक दुसऱ्या-तिसऱ्यात सरकतात. मग भाव थोडा जरी घसरला तरी साखळी तुटते. सगळे एकदमच माल आणि मशिनरी विकायला काढतात, त्यामुळे भाव आणखी पडतो.

हे आपल्याकडे नवे नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा जळगाव ही खान्देशातली कापसाची मोठी पेठ झाली. मुंबईत त्या पैशावर शेअरचा सट्टा पेटला. युद्ध संपताच भाव कोसळले, जळगावला जबर फटका बसला आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

ध्यानात घ्या, मुंबईत बुडालेले बरेच जण शेअरवाले होते. म्हणून ‘व्याज नाही, म्हणजे धंदा सुरक्षित’ असे आम्ही म्हणणार नाही. इस्लामने व्याजासोबत जुगारही हराम ठरवला आहे, आणि डोळे झाकून केलेला सट्टा त्याच्याच जवळचा. व्याजाचा दोष वेगळा आहे. धंदा बसला तरी सावकाराचा आकडा तोच राहतो, तोटा एकट्या कर्जदाराच्या डोक्यावर.

मुशारकात तसे होत नाही. समजा, चार साच्यांसाठी एका भावाने सहा लाख घातले, दुसऱ्याने चार. एक लाख तोटा आला तर साठ हजार एकाचे, चाळीस हजार दुसऱ्याचे. नफ्याची वाटणी आधी ठरवता येते, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच. मंदी यानेही टळत नाही, पण हप्त्यापायी घर विकायची पाळी सहसा येत नाही.

सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवलत द्यायला सांगितले आहे, आणि २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला. आपल्याकडे भाऊबंदांत कागद करायची लाज वाटते, तोटा आला की मात्र तेच भाऊ कोर्टात भेटतात. भागीदारीचा कागद तेजीतच करून घ्यावा. मंदीत सही करायला कोणी येत नाही.