वरचा गोठा, खालचा नळ

नदी नासते ती कारखान्यांमुळे. शेण तर शेतातलंच, त्यानं काय बिघडणार, असं अनेकांना वाटतं. न्यूयॉर्क शहराला तसं मानणं परवडणारं नव्हतं. त्याचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल डोंगर आणि डेलावेअर नदीच्या पाणलोटातून येतं, तेही न गाळता. तिथल्या गोठ्यांतून पावसाबरोबर स्फुरद वाहत येतं आणि जलाशयात शेवाळ माजतं. लहान वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही येऊ शकतो, आणि तो क्लोरीनला दाद देत नाही.

मग सरळ दंड का नाही? १९९० मध्ये शहरानं कडक नियमांचा मसुदा काढला, तेव्हा शेतकरी खवळले. त्यांची भीती खरी होती. शेती बुडाली तर जमीन घरबांधणीला जाते, आणि रस्ते नि सांडपाणी नदीला जास्त छळतात. वाटाघाटींत ठरलं : सहभाग ऐच्छिक, खर्च शहराचा. पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील व्हावेत ही अट मात्र होती, आणि ती पुरी झाली.

‘घाण करणाऱ्यालाच बक्षीस’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मला तो सर्वांत अन्यायाचा वाटतो. पैसे मिळतात ते ठरलेल्या कामाचे : ओढ्याकाठी कुंपण, गुरांना पाण्याची वेगळी सोय, वासरांसाठी कोरडा निवारा, शेणाचा साठा, कोणत्या शेतात केव्हा किती शेण टाकायचं याचा आराखडा. १९९८ पासून काठाची पट्टी दहा-पंधरा वर्षं झाडांसाठी सोडणाऱ्याला तिचं भाडंही मिळू लागलं. कुंपणानं शेतकऱ्याचं दूध वाढत नाही. फायदा होतो तो दीडशे-दोनशे किलोमीटरवर नळ सोडणाऱ्याला. दुधाचा भावही शेतकऱ्याच्या हाती नाही. हा खर्च त्यानं काढायचा कुठून?

शहरानं दानधर्मही केलेला नाही. त्याऐवजी पाणी गाळायचं ठरलं असतं, तर त्या गाळण प्रकल्पाचा तेव्हाचा अंदाज ६ अब्ज डॉलरच्या घरात होता, पाणलोट राखण्याचा सुमारे दीड अब्ज. त्यात जमीनखरेदी आणि गावांची सांडपाणी केंद्रंही आली, कारण एकट्या शेतकऱ्यावर नदी सोपवून भागत नाही.

आणि हा उपाय सगळीकडे चालतो असंही नाही. शहराजवळच्या क्रोटन पाणलोटात वस्ती आधीच दाटली होती. तिथल्या पाण्यासाठी ब्रॉन्क्समध्ये ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्चून जमिनीखाली गाळण प्रकल्प बांधावा लागला. तो २०१५ मध्ये सुरू झाला.