खासगी शाळा, कायदा आणि नेमणूकपत्र

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही आखीव वसाहत गेल्या तीन दशकांत सॉफ्टवेअर कंपन्या, स्टार्टअप आणि त्यांच्यामागून देशभरातून आलेली कुटुंबे यांनी भरून गेली, त्यांत पुण्या-मुंबईकडची मराठी कुटुंबेही आली, आणि या सर्वांच्या मुलांसाठी तिथे नावाजलेल्या मोठ्या शाळांपासून बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या बालवाड्यांपर्यंत नाना प्रकारच्या खासगी संस्था उभ्या राहिल्या. प्रवेशाच्या वेळी पालक बोर्ड कोणते, शुल्क किती, बस कुठून जाते याची कसून चौकशी करतात. वर्गावरच्या शिक्षिकेच्या हाती कसले नेमणूकपत्र आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक शाळेची कायदेशीर बाजू भक्कम की पोकळ, हे पुष्कळदा त्या पत्रावरून आणि ते जिच्यात लावलेले असते त्या फायलीवरूनच कळते.

शाळेला कोणता कायदा लागू होतो, हा पहिला प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कर्नाटक शिक्षण अधिनियम नावाने १९८३चा असला तरी प्रत्यक्षात १९९५ साली अमलात आला. तो राज्य मंडळाच्या शाळांना सर्वांगाने लागू होतो, पण सीबीएसई आणि आयसीएसई या मंडळांना जोडलेल्या शाळांना त्याने बऱ्याच अंशी आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्यांच्यावर मुख्यतः मंडळाच्या संलग्नता नियमांचा, म्हणजे शाळा मंडळाला जोडून घेताना घातलेल्या अटींचा, अंमल चालतो. तरीही राज्याचे काही कायदे कोणालाच चुकत नाहीत. २०१५च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमामुळे मंडळ कोणतेही असो, कन्नड शिकवणे भाग आहे आणि म्हणून कन्नडचा शिक्षक नेमणेही भाग आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत खरी मेख आहे ती शिक्षकाच्या कायदेशीर स्थानात, आणि ती समजण्यासाठी गोव्यापर्यंत जावे लागते. करंझाळे येथील एका शाळेतील शिक्षिकेची सेवा १९७५ साली संपुष्टात आणली गेली आणि तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ‘ए. सुंदरम्बल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार’ या निकालात असे ठरवले की शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने उद्योग असला तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, कारण अध्यापन हे हातमेहनतीचे, कारकुनी, तांत्रिक वा देखरेखीचे काम नाही. निकालाने शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा राखली खरी, पण कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद केला. शाळेतल्या शिपायाला जो मार्ग मोकळा राहिला, तो बाईंना राहिला नाही.

ही उणीव राज्यांच्या विशेष कायद्यांनी भरून काढली. कर्नाटकच्या अधिनियमानुसार कर्मचाऱ्याला दोषारोप कळवून, म्हणणे मांडण्याची संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही, आणि तसे केल्यास आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत शैक्षणिक अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा तंट्यांसाठी नेमलेल्या न्यायपीठाकडे, जाता येते. महाराष्ट्रात हेच काम १९७७चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा अधिनियम करतो, जो शिक्षकांच्या बोलण्यात ‘एमईपीएस’ म्हणून येतो. त्यात अपिलाची मुदत अवघी तीस दिवसांची आहे, मात्र चौकशी समितीत एक सदस्य कर्मचाऱ्याच्या पसंतीचा असतो आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांतून घेतला जातो, ही तरतूद शेजारच्या राज्यांनी उचलावी अशी आहे. खुद्द कर्नाटकातून गेलेल्या ‘टी. एम. ए. पै फाउंडेशन’ खटल्यात ३१ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना प्रशासनाची मोठी मोकळीक दिली आणि शिस्तभंगाच्या कारवाईला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही असे म्हटले, तरी अंतर्गत चौकशीची अट काढली नाही आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अपील असावे असेही सांगितले. संस्थाचालकांच्या तोंडी या निकालाचा पहिला भाग फार असतो.

चौकशीची कटकट टाळण्याचा रूढ उपाय म्हणजे अकरा महिन्यांची नेमणूक. जूनमध्ये पत्र द्यायचे, एप्रिलअखेर ते संपवायचे, मेचा पगार वाचवायचा आणि पुढच्या जूनमध्ये त्याच शिक्षिकेला त्याच वर्गावर नवे पत्र द्यायचे, की सेवा अखंड आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या उपदानाच्या, इतिहासातही हीच वृत्ती दिसते. केंद्राने ३ एप्रिल १९९७ रोजी उपदानाचा कायदा शैक्षणिक संस्थांना लागू केला, परंतु २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाही असे म्हटले. संसदेने २००९ साली व्याख्या बदलून ती १९९७पासूनच अमलात आणली, तेव्हा शाळांच्या संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी ही दुरुस्ती वैध ठरली तोपर्यंत शिक्षकांची एक पिढी निवृत्त होऊन गेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान देऊ केले आहे. अकरा महिन्यांचे पत्र आता आणखी लाडके होणार काय, अशी शंका यावी.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न यापासून वेगळा मानला जातो, पण तो याच फायलीत येऊन मिळतो. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या, एवढेच नव्हे तर तसा गुन्हा होण्याची धास्ती वाटणाऱ्या, प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०१४ मध्ये बेंगळुरूच्याच मराठहळ्ळी भागातील एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत कंत्राटी सफाई कामगारावर तसाच आरोप झाला तेव्हाही, गुन्हा न कळवल्याचा ठपका व्यवस्थापनापर्यंत पोहोचला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली, मुलींवर उपचार करूनही माहिती न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला.

‘आधी आपण चौकशी करू, मग पोलिसांकडे जाऊ’ हा विचार संस्थेच्या अब्रूच्या काळजीतून येतो आणि संस्थेलाच गोत्यात आणतो. उलट, पोलिसांना कळवले म्हणजे काम झाले असे समजून आरोपी शिक्षकाला दुसऱ्याच दिवशी चौकशीविना काढून टाकले, तर न्यायाधिकरणात तो आदेश टिकत नाही आणि खरोखर दोषी असलेला माणूसही निव्वळ रीत चुकली म्हणून परत येऊ शकतो. कळवणे तत्काळ, निलंबन त्याच दिवशी आणि चौकशी रीतसर, हा क्रम ज्या कार्यालयाला माहीत नाही तिथे कॅमेऱ्यांची संख्या वाढवून फार फरक पडत नाही. पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हावी लागते. त्यात बसचालक, आया आणि एजन्सीने पाठवलेला रखवालदारही आला, आणि नेमक्या याच माणसांची फाईल शाळेत नसते.

इमारतीबद्दल थोडेच सांगायचे तर, १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला.

हे सारे मोठ्या शाळेला लागू होते. बंगल्यातल्या बालवाडीला मात्र सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा वर्षांच्या वयापासून सुरू होत असल्याने त्याची मान्यता लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीला वीस, उपदानाला दहा, महिला कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायला दहा आणि पाळणाघराला पन्नास कर्मचारी असावे लागतात, आणि तिथे दोन शिक्षिका, दोन आया आणि एक चालक असतात. संख्येची अट न घालता दारात उभा राहतो तो बहुतेक पॉक्सोच. सर्वांत लहान मुले जिथे आहेत तिथेच कायद्याचे छप्पर सर्वांत विरळ आहे, आणि कोरमंगलात शाळेचा पहिला दाखला पुष्कळदा तिथूनच निघतो.