लाळ्या-खुरकूत : रोग एक, विषाणू अनेक

नवी मुंबईतील तुर्भे येथील कृषि उत्पन्न बाजार आवारात गुरांची खरेदी-विक्री होत नाही. तेथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य व मसाले यांचा व्यापार चालतो. तरीही लाळ्या-खुरकुताचा विचार करताना या बाजाराकडे दुर्लक्ष करून चालत नाही. माल उतरवून गाडी गावी परतते, तेव्हा हौद्यात कित्येकदा गुरांसाठी कोबीचा पाला किंवा आंब्याच्या पेटीतील पेंढा असतो. रोगी जनावराची लाळ लागलेल्या पेंढ्यावर आणि गाडीच्या चाकांवरही हा विषाणू काही काळ तग धरतो. त्यामुळे आजारी जनावर वेशीत न येताही रोग गोठ्यात शिरू शकतो.

"लस टोचली होती, तरी बैलाला रोग झालाच कसा?" हा प्रश्न ऐन पेरणीत बैल बसलेला शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. या विषाणूचे सात प्रकार आहेत. एका प्रकारातून बरे झालेले जनावर दुसऱ्यास बळी पडते, हे १९२२ साली फ्रान्समधील वाले व कारे या शास्त्रज्ञांनी दाखविले. भारतात ओ, ए व एशिया-१ हे तीन प्रकार आढळत आले आहेत; सी हा प्रकार १९९५ नंतर येथे सापडलेला नाही. म्हणूनच आपल्या लशीत तिन्ही प्रकार एकत्र असतात.

एवढ्याने भागत नाही. विषाणूची वाढ होताना त्याच्या जनुकांत सतत लहान-लहान चुका होतात व त्याचे बाह्य कवच पालटते. वेष पालटलेला चोर राखणदाराने ओळखू नये, तशी शरीरातील प्रतिद्रव्ये फसतात. ए प्रकार यात विशेष चंचल. त्याचा लशीतील जुना वाण बदलून २००० सालचा नवा वाण घ्यावा लागला. असे बदल टिपण्यासाठी भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत ठिकठिकाणचे नमुने तपासले जातात.

मात्र प्रत्येक अपयशाचे खापर विषाणूच्या माथी मारू नये. लस उन्हात राहिली, वासराला महिन्याने दुसरी मात्रा मिळाली नाही, किंवा दूध घटेल या भीतीने गाय लसटोचकापासून लपविली, असेही घडते. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, गोठू देऊ नये. दर सहा महिन्यांनी ती टोचून घ्यावी.

जिभेवर ताजे फोड दिसताच ग्रामसेवकाने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. लस टोचलेल्या जनावराच्या फोडाची साल तर अधिक मोलाची, कारण विषाणू पालटला की काय याचा उलगडा तीतून होतो. बाजारातून आलेली गाडी आधी झाडून, दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून गोठ्यापासून दूर धुवावी.