दांडीची रायफल का अडकते? शेतसंरक्षक बंदूक बाळगणाऱ्यांसाठी माहिती

रानडुकरांच्या उपद्रवामुळे कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात अनेक शेतकरी पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगतात. ही बंदूक बहुधा ठासणीची किंवा एकनळी असते. गोरेगावची चित्रनगरी 1977 साली सुरू झाली. तेथे घडणाऱ्या सिनेमांतील बंदूक मात्र कधी अडकत नाही. सिनेमाचा नायक चापाजवळची दांडी खाली-वर करतो आणि एकामागून एक बार काढतो. आपल्याकडेही अशी बंदूक असावी, असे काही शेतकरी बंधूंना वाटते. परंतु ती कशी चालते व कोठे अडकते, हे समजले तर आपल्या साध्या बंदुकीचे मोल कळेल.

रचना

या रायफलीत नळीखाली दुसरी बारीक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक आडवी भरतात व स्प्रिंग त्यांना मागे रेटते. दांडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि एक पट्टी नवे काडतूस वर उचलते. दांडी मिटली की ते नळीच्या तोंडात बसते. पाभरीच्या नळ्यात एक बी अडकले की मागचे सारे थांबते, तसेच येथेही होते.

1860 च्या हेन्री रायफलीत काडतुसांच्या नळीला खालून उघडी फट होती. त्यातून माती आत शिरे. 1866 च्या विंचेस्टर रायफलीत ही नळी बंद केली आणि काडतुसे भरण्यास बाजूला झडप दिली. म्हणजेच घाण आत जाऊ न देणे ही या बंदुकीतील पहिली मोठी सुधारणा होय.

अडकण्याची कारणे

1. अर्धवट दांडी : घाईत दांडी पूर्ण खाली न गेल्यास रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर येत नाही. दांडी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत न्यावी लागते.

2. काडतुसाची लांबी : काडतूस ठरल्या मापापेक्षा लांब असल्यास पट्टीवर बसत नाही. काही रायफलींत आखूड काडतुसामागून दुसऱ्याची कड आत घुसते आणि पट्टी वर उचलली जात नाही.

3. गोळीचे टोक : सरळ नळीत एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. टोकदार गोळी असल्यास धक्क्याने टोपी फुटून अपघात होऊ शकतो. म्हणून या रायफलीत चपट्या टोकाची गोळी वापरतात.

4. झीज व घाण : स्प्रिंग सैल होणे, नळीला पोचा पडणे, स्क्रू ढिले होणे, पट्टी झिजणे आणि जुने तेल घट्ट होणे ही नेहमीची कारणे आहेत.

साध्या बंदुकीची काळजी

एकनळी बंदुकीत काडतूस हाताने बसवावे लागते. त्यामुळे वरीलपैकी बहुतेक दोष तिच्यात संभवतच नाहीत. तिचा मोठा शत्रू आहे पावसाळ्यातील ओल. कागदी काडतूस ओलीने फुगते व नळीत बसत नाही. ते जोराने ठोकून बसवू नये. काडतुसे हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळी व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत. बोअर व लांबी ही दोन्ही मापे बंदुकीशी जुळतात याची खात्री करावी.

ठासणीच्या बंदुकीत दारू ओली झाल्यास किंवा टोपीखालचे छिद्र बुजल्यास बार उडत नाही. ठासलेल्या बंदुकीचे छिद्र सुईने कोरत बसू नये.

बार न उडाल्यास

घोडा पडला पण बार उडाला नाही, तर तो विझला असे समजू नका. तो उशिराही उडू शकतो. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, माणसे, जनावरे व घरे यांपासून दूर धरावे. काडतुसाच्या बंदुकीसाठी निदान एक मिनिट, ठासणीच्या बंदुकीसाठी निदान दोन मिनिटे थांबावे. बंदूक उलटी करून नळीत डोकावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. बार नेहमीपेक्षा फुसका वाजला, तर पुढचा बार काढण्यापूर्वी बंदूक रिकामी करावी आणि नळीत काही अडकलेले नाही, हे मागच्या बाजूने पाहावे.

कायद्याच्या मर्यादा

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. नळी कापून आखूड करू नये. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 11 नुसार उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. गोरेगावच्या आरे परिसराला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या क्षेत्रात तर निर्बंध अधिकच कडक आहेत.

शेतकरी बंधूंनो, बंदुकीत हलणारे भाग जितके अधिक, तितकी अडकण्याची ठिकाणेही अधिक. म्हणून नव्या बंदुकीच्या मोहापेक्षा हातातील बंदूक कोरडी, स्वच्छ व तपासलेली ठेवावी. रात्री राखणीला जाण्यापूर्वी दिवसाउजेडी बंदूक रिकामी करून पाच मिनिटे तपासा. अंधारात अडकलेल्या बंदुकीशी झटापट करण्याची वेळ मग सहसा येणार नाही.